बोर्ड विकत न घेता फक्त सिम्युलेटरवर आर्डुइनो शिकता येईल का? कोणता सिम्युलेटर चांगला?

प्रोग्रामिंग येईल, सर्किट येणार नाही. हे मी बारा मार्क घालवून शिकलोय.

२०१० साल, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट काय, तर टाकीतल्या पाण्याची पातळी एलसीडीवर दाखवायची आणि टाकी भरली की रिलेने पंप बंद करायचा. आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम टाकून वापरायचा तयार छोटा बोर्ड, तेव्हा आमच्या वर्गात कुणी बघितलाही नव्हता, सगळं ८०५१ या मायक्रोकंट्रोलर चिपवर. दोघांचा ग्रुप होता. पार्टनरने कोड लिहायचा आणि प्रोटियसमध्ये, म्हणजे सर्किट स्क्रीनवरच चालवून बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सर्किट काढायचं, मी ते झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या बोर्डावर, सोल्डर करून उतरवायचं. त्याच्याकडे लॅपटॉप होता, माझ्याकडे सोल्डरिंग आयर्न. वाटणीमागे याहून मोठं कारण नव्हतं.

प्रोटियसवर आठवड्याभरात चालू झालं. स्क्रीनवरच्या एलसीडीवर ‘टँक फुल’ उमटलं, रिलेची पट्टी हलली, आम्ही चहा प्यायला गेलो. मी प्रिंटआउट घेऊन पुण्याच्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, सामान आणलं आणि चित्रातली रेघ न् रेघ बघून जोडणी केली. पार्टनरने चित्रात क्रिस्टल, म्हणजे चिपला ठेका देणारा भाग, दाखवलाच नव्हता, कारण प्रोटियसला तो लागत नाही, फ्रिक्वेन्सी टाइप केली की झालं. सप्लायचे ४० आणि २० नंबरचे पिनही चित्रात दिसत नाहीत. एवढं मला माहीत होतं, त्यामुळे ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याचे दोन कपॅसिटर आणि रिसेटचं सर्किट मी पुस्तकात बघून घातलं.

सप्लाय दिला. एलसीडीच्या वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन.

पुढचे दहा दिवस मी तेच सोल्डरिंग तीनदा उकललं आणि तीनदा केलं. आयसीचा बेस बदलला. नवी चिप आणून हेक्स फाइल, म्हणजे तयार प्रोग्रॅम, तिच्यात पुन्हा बर्न केली. मल्टिमीटर प्रत्येक जोडावर बीप देत होता. मध्येच कधीतरी, बोर्ड हातात उचलला की, एलसीडीवर अक्षरं यायची आणि खाली ठेवला की जायची. पार्टनर म्हणाला, ‘ड्राय सोल्डर आहे’, म्हणजे जोड कच्चा आहे. सर म्हणाले, ‘सिम्युलेशनमध्ये चालतंय म्हणजे डिझाइन बरोबर आहे, तुमचं काम कच्चं आहे.’ बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लॅपटॉपवर बघितलं, मान डोलावली, माझ्या बोर्डाकडे एकदा बघून तोंड वाकडं केलं. पार्टनरला माझ्यापेक्षा बारा मार्क जास्त.

सुट्टीत तो बोर्ड गावाकडे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांना दाखवला. ८०५१ त्यांनी कधी हाताळला नसावा. त्यांनी सप्लाय चालू ठेवून चिपच्या एकेका पायावर बोट ठेवत नेलं, आणि एका पायापाशी एलसीडी जागी झाली. ‘ह्याला हात लावला की हलतंय बघ. मोकळा का सोडलायस?’ मोजलं, तर ३१ नंबर. ईए पिन. तो ५ व्होल्टला बांधला नाही, तर आतल्या मेमरीतला प्रोग्रॅम चालवायचा की बाहेरची मेमरी शोधायची, हे चिप हवेवर ठरवते. प्रोटियसमध्ये तो मोकळा ठेवूनही आमचं सगळं चाललं होतं, म्हणून चित्रात नव्हता, म्हणून बोर्डावर नव्हता. ३१ पासून ४० पर्यंत एक वायर टाकली आणि सगळं सुरू.

म्हणून सांगतो, ‘सिम्युलेटरवर चालतं’ याचा अर्थ कोड बरोबर आहे, एवढाच. आजही तेच. वोकवी या ऑनलाइन सिम्युलेटरमध्ये उनोच्या, म्हणजे नेहमीच्या आर्डुइनो बोर्डाच्या, ५ व्होल्टवर हवे तेवढे सर्वो मोटर लटकवा, सगळे गुमान फिरतात. खऱ्या बोर्डावर यूएसबीवरून दोन-तीन सर्वो एकदम हलले की व्होल्टेज बसतं, बोर्ड रिसेट होतो आणि तुम्ही रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसता. एलईडीला रेझिस्टर नसला तरी तिथे तो छान पेटतो. रिलेच्या कॉइलवर डायोड नसला तरी तिथे काही बिघडत नाही. अशा सवयी लागल्या की त्या मोडायला वेळ लागतो, आणि बोल मात्र सोल्डरिंग करणाऱ्याला बसतात.

तुमचा प्रश्न कोणता वापरायचा हा होता, नाही का. अगदीच नवीन असाल तर टिंकरकॅड. तिथे रेझिस्टर विसरलात तर एलईडीवर निदान स्फोटाची खूण तरी येते. थोडं जमायला लागलं की वोकवी, त्यात ईएसपी३२ हा वायफायवाला बोर्ड आहे आणि वायफायसुद्धा चालतं. नेट नसेल तर सिम्युलआयडीई, फुकट आहे. प्रोटियसचे पैसे सध्या घालवू नका. महिनाभर हे करा आणि मग साधा क्लोन उनो घ्या, त्यावर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० ही चिप असते, कॉम्प्युटरवर पोर्ट दिसला नाही तर तिचा ड्रायव्हर टाका. सोबत ब्रेडबोर्ड आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर आधी घेतलात तरी चालेल.

आता न्यायाने बोलायचं तर वोकवीतलं बटण खऱ्या बटणासारखं बाउन्स होतं, एकदा दाबलं तरी कोड दोन-तीनदा मोजतो. आमच्या वेळी हे कळायला खरं बटण लागायचं. शिवाय माझी भाची वोकवीवरच लूप आणि मिलिस (वेळ मोजायचं फंक्शन) शिकली, तेही चिप न जाळता. आणि ३१ नंबरच्या पिनची माहिती डेटाशीटमध्ये होतीच. ती मीही वाचली नव्हती, हे कबूल.

पण पार्टनर आजही व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या सोल्डरिंगचा विषय काढतो. तो बोर्ड त्यानंतर सहा वर्षं आमच्या गच्चीवरच्या टाकीला होता, त्याच सोल्डरिंगवर.