बंदराचा जुना फोटो घेण्याआधी

तू दाखवलेला मुंबई बंदराचा फोटो झकास आहे, पण मागे पेन्सिलीने '१८७०' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नकोस. पेन्सिल विकणाऱ्याकडेही असते.

आधी फोटोत काय उभं आहे ते बघ. ससून डॉक १८७५चा, प्रिन्सेस डॉक १८८०चा. ताज १९०३ला सुरू झालं, गेटवे १९२४ला. तुझ्या फोटोत भिंतींच्या आत बोटी लागलेला प्रिन्सेस डॉक असेल, तर १८७० विसर.

मग पाणी बघ, मला तर तेच बघायला सगळ्यात आवडतं. ओल्या काचेच्या जमान्यात, म्हणजे रसायनाचा लेप ओला असतानाच काचेवर फोटो घेत तेव्हा, प्रकाश बहुधा काही सेकंद द्यावा लागे. त्यामुळे लाटा साय धरलेल्या दुधासारख्या दिसतात, डुलत्या गलबताची डोलकाठी दुहेरी उमटते. ओझं घेऊन चाललेला हमाल धुरकट होतो, कापसाच्या गाठीवर विडी ओढत बसलेला मात्र लख्ख. चालत्या माणसाचं उचललेलं पाऊल स्वच्छ टिपलेलं दिसलं, तर बहुधा १८८० नंतरची कोरड्या लेपाची काच, जिला क्षणभर प्रकाश पुरे. कोरं पांढरं आभाळ मात्र दोन्हीकडे सापडेल, त्यावरून काही ठरवू नकोस.

आणि दहा पटींचं भिंग खिशात ठेवच. अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेला खरा अल्ब्युमेन प्रिंट पातळ कागदावर, पुठ्ठ्याला चिकटवलेला, कडांना पिवळसर असतो. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली की ती छपाई. मी एकदा अशी छपाई फोटोच्या भावात घेतली. ठिपके घरी आल्यावर दिसले, बायकोला माझ्याआधी.