वाचकांचे प्रश्न : स्पर्धेची गाडी आणि हरवलेली झोप

इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या बाहा (खडकाळ रस्त्यावरची गाडी) आणि फॉर्म्युला (रेसिंग कार) स्पर्धांच्या टीमचं काम दसऱ्यानंतर अंगावर येतं. या वेळच्या पत्रांत त्याबद्दलचे प्रश्न बरेच होते. त्यांतले सहा निवडले आहेत.

प्रश्न : मुलगा पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाहाच्या टीममध्ये गेल्यापासून रात्री तीन-चारला झोपतो. दिवाळीला घरी आला तो सुकून गेलेला. विचारलं तर म्हणतो, "सगळेच असं करतात." टीम सोड म्हणून सांगू का? – एक आई, सांगली

उत्तर : लगेच सांगू नका. एका माणसाची, खडकाळ रस्त्यावर चालणारी गाडी स्वतः आखायची, पाइप कापून, वेल्ड करून उभी करायची आणि इंदूरजवळच्या पिथमपूरला नेऊन तपासणीत उतरवायची, हे काम वर्गात बसून शिकता येत नाही. मुलाचा जीव त्यात गुंतला आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तीन गोष्टी मात्र नेमक्या विचारा. सलग झोप किती तास होते? रात्रीचं जेवण कुठे होतं? वर्कशॉपमधून रूमवर परत कसा जातो?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतकी घसरते आणि चोवीस तासांनंतर ०.१० टक्के असल्याइतकी, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोजलं गेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सातला उठून पहाटे तीनला बाइकला किक मारणारा मुलगा दारू न पिताही त्या मर्यादेच्या पुढे गेलेला असतो. त्यात पहाटे दोन ते सहा हा शरीराचा सगळ्यात मंद काळ. त्याच्याकडून एवढा एक शब्द घ्या : रात्री बारानंतर बाइक नाही, उशीर झाला तर जवळच्या मित्राच्या होस्टेलवर झोपायचं. पिथमपूरचा प्रवास पुण्याहून सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी नेणारा टेम्पो मुलांनी स्वतः चालवायचा नाही, ड्रायव्हर पगारी हवा, हेही त्याच वेळी सांगून टाका.

जेवणाचं गणित साधं आहे. बऱ्याच मेस रात्री नऊच्या सुमाराला बंद होतात आणि काम त्यानंतर रंगात येतं. मग वडापाव आणि चहा. मेसचा डबा वर्कशॉपवर मागवता येतो, आणि तुम्ही पाठवणार असाल तर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, खजूर पाठवा. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. चिवडा-चकलीपेक्षा हे उपयोगी पडतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ तो कशातच रमत नसेल, घरी आल्यावरही झोप लागत नसेल, किंवा वजन उतरतच राहिलं असेल, तर मात्र टीमचा प्रश्न बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : मी टीमचा कॅप्टन आहे. स्पर्धेला दहा आठवडे उरलेत. दरवर्षी शेवटचा महिना नाइट मारण्यातच जातो, निम्मी टीम आजारी पडते, दोघा-तिघांना केटी लागते (विषय राहतो). यंदा हे टाळायचं आहे. – कोल्हापूर

उत्तर : हा प्रश्न वेळापत्रकाचा आहे. मुलं आळशी आहेत असं त्यात काही नाही. शेवटच्या महिन्यातल्या जागरणाचं बी जुलै-ऑगस्टमध्ये पडतं. डिझाइन फ्रीझ (आराखडा पक्का करणं) तीन आठवडे लांबतं, ड्रॉइंग व्हेंडरकडे गणपतीनंतर जातात आणि हब, अपराइट (चाक धरणारे भाग) यांचे सीएनसी मशीनवरचे जॉब दिवाळीच्या तोंडावर अडकतात. दिवाळीत शिरोलीची एमआयडीसी असो की भोसरीची, परगावचे कामगार गावी जातात आणि हीट ट्रीटमेंट, पावडर कोटिंगवाले आठ-दहा दिवस हाती लागत नाहीत. त्याला लागूनच सेमिस्टरची परीक्षा येते. तीन आठवड्यांची ढिलाई अशी सहा आठवड्यांची होते आणि ती सगळी रात्रीतून वसूल करायची वेळ येते. पुढच्या टीमसाठी हे आत्ताच लिहून ठेवा : बाहेर द्यायचा प्रत्येक जॉब दसऱ्याआधी हातात.

यंदाच्या दहा आठवड्यांत तास वाढवता येणार नाहीत, म्हणून काम कमी करावं लागेल. आधी खरे तास मोजा. चारही चाकांना डबल विशबोन (चाकाला वर एक, खाली एक असे दोन आर्म) असेल तर आर्म आठ. एका आर्मला पाइप कापणं, नॉच (टोकाची खाच) काढणं, फिक्श्चरवर (पाइप जागेवर धरणाऱ्या साच्यावर) बसवणं, टॅक (तात्पुरता टाका), पूर्ण वेल्ड, बुश बसवून माप तपासणं मिळून साडेतीन तास धरा, आठांचे अठ्ठावीस. पहिल्यांदा करणारी मुलं असतील तर दुप्पट. अशी प्रत्येक सबसिस्टीमची बेरीज करा. मग उपलब्ध तास मांडा : माणशी आठवड्याला पाच दिवस, रोज चार तास, आणि परीक्षेचे आठवडे शून्य. दोन आकड्यांत फरक येईलच. तो भरायला गेल्या वर्षीचं पेडल बॉक्स, स्टिअरिंग कॉलम चालत असेल तर तेच लावा. कार्बन फायबरची बॉडी, नवं डेटा लॉगिंग हे सोडून द्या. हे सोडताना टीममध्ये भांडण होईल. ते आत्ताच होऊ द्या, कारण शेवटच्या आठवड्यात तेच भांडण झोप न झालेल्या डोक्यांनी होतं. शेवटचे तीन आठवडे गाडी चालवण्यासाठी राखा, बनवण्यासाठी नको. फुटायचं ते मैदानात फुटलं पाहिजे, टेकच्या (तांत्रिक तपासणीच्या) रांगेत नाही.

आता रात्रीचा नियम. साडेनऊनंतर वेल्डिंग, ग्राइंडर, ड्रिलिंग, लेथ बंद. गाडी इलेक्ट्रिक असेल तर बॅटरी पॅकला हातही नाही; त्यात काहीशे व्होल्ट असू शकतात आणि ते काम दिवसा, दोघांनी मिळून, इन्सुलेटेड हातमोजे घालून, हातातलं कडं-अंगठी काढूनच करायचं असतं. साडेनऊनंतर चालेल ते एवढंच : हत्यारं जागेवर लावणं, पार्टवर नावं टाकणं, कॉस्ट रिपोर्ट, ड्रॉइंग तपासणं.

हा नियम कडक वाटेल, पण रात्री काय बिघडतं ते पाहा. डावा-उजवा ब्रॅकेट करायचे असतात, दोन्ही डावे होतात. टॅक आलटून-पालटून समोरासमोर मारायच्या सोडून एका बाजूचा जॉइंट घाईत पूर्ण वेल्ड केला जातो, नळी ओढली जाते आणि सकाळी सस्पेन्शनचे पिकअप पॉइंट (आर्म जिथे चौकटीला जोडतात त्या जागा) तीन-चार मिलिमीटर सरकलेले सापडतात. नायलॉक (आपोआप सैल न होणारा) नट बसतो, पण बोल्टचे दोन आटे बाहेर आले का हे कुणी पाहत नाही आणि टेकमध्ये तिथेच लाल शेरा बसतो. दोन तासांत उरकलेलं ते काम कापून पुन्हा करायला दुसरा अख्खा दिवस जातो.

"सवय झालीय, सहा तासांत भागतं," असं मुलं सांगतील. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात चौदा दिवस रोज सहा तासच झोपू दिलेल्यांची एकाग्रता एक रात्र अजिबात न झोपलेल्यांच्या जवळपास पोहोचली होती, आणि आपण इतके मंदावलो आहोत हे त्यांचं त्यांना फारसं जाणवत नव्हतं. म्हणून "झोप आलीय का?" असं विचारू नका. फळ्यावर प्रत्येकाने काल किती तास झोपलो तो आकडा लिहायचा. सहाच्या खाली असेल त्याला त्या दिवशी मशीन नाही. तुमचाही आकडा त्या फळ्यावर हवा; कॅप्टन जागा राहिला की ज्युनिअरांना घरी जायचं धाडस होत नाही.

प्रश्न : मी टीममध्ये ब्रेक्स बघते. आमचं होस्टेल साडेनऊला बंद होतं. सगळे निर्णय रात्री बाराला वर्कशॉपमध्ये होतात. सकाळी जावं तर मास्टर सिलिंडरचं (पेडलचा दाब ब्रेकच्या ऑइलवर टाकणारा भाग) माउंटिंग बदललेलं असतं. मी कमी काम करते असंही ऐकवतात. – विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे आणि ती होस्टेलपुरती नाही. जो जास्त जागा राहतो तोच जास्त निष्ठावान, या समजुतीवर टीम चालली की मुलींना, बसने येणाऱ्यांना आणि रात्री औषध घेऊन झोपणाऱ्यांना निर्णयातून वगळलं जातं.

मागणी लेखी आणि गाडीच्या भाषेत मांडा. साडेचार ते साडेआठ ही सगळ्यांच्या हजेरीची वेळ. माप, माउंटिंग, मटेरियल यांतला कुठलाही बदल याच वेळात. बदलासाठी एका वहीत चार रकाने : पार्ट, जुनं माप, नवं माप, सबसिस्टीमच्या जबाबदार व्यक्तीची सही. सही नसेल तर ड्रिल लावायचं नाही. कारण द्यायला तुमच्याकडे ब्रेक टेस्ट आहे. तिथे चारही चाकं लॉक व्हावी लागतात, नाहीतर गाडी ट्रॅकवर जात नाही. माउंटिंग पाच मिलिमीटर सरकलं तर पुशरॉडचा (पेडल आणि सिलिंडर जोडणाऱ्या दांडीचा) कोन आणि पेडलचं गुणोत्तर बदलतं, आणि तुम्ही केलेला सगळा हिशेब चुकतो. फॅकल्टी अॅडव्हायझरसमोर हेच मांडा. कॅप्टन ऐकत नसेल तर अॅडव्हायझरची सही वहीत पाचवा रकाना म्हणून घ्या.

प्रश्न : जागं राहायला एनर्जी ड्रिंक किती चालतं? – छत्रपती संभाजीनगर

उत्तर : २५० मिलिलिटरच्या नेहमीच्या कॅनमध्ये साधारण ७५ ते ८० मिलिग्रॅम कॅफिन असतं. चहाच्या कपात अंदाजे तीस ते पन्नास. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे तीन कॅन आणि पाच चहा झाले की तुम्ही काठावर. त्यापेक्षा वेळ पाहा. घेतलेल्यातलं निम्मं कॅफिन सुमारे पाच तासांनंतरही रक्तात असतं. अकराला झोपायचं असेल तर शेवटचा चहा चारला. छातीत धडधड होत असेल तर पूर्ण बंद करून तपासून घ्या. खूपच पेंग येत असेल तर गजर लावून वीस मिनिटं आडवं व्हा, आणि उठल्यावर पंधरा मिनिटं मशीनला हात लावू नका.

प्रश्न : बॉडीचं फायबरचं काम केल्यापासून मनगटांवर पुरळ आहे. एका मित्राला वेल्डिंगनंतर रात्री थंडी वाजून ताप आला. दोन्हींचा संबंध आहे का? – मुंबई

उत्तर : कारणं वेगळी आहेत.

तुमचं पुरळ बहुधा इपॉक्सीचं. त्यातलं रेझिन (चिकट द्रव) आणि हार्डनर (तो कडक करणारं रसायन) यांची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. पुढे थेंबभर लागलं तरी त्वचा पेटते. म्हणून आत्ता हे काम दुसऱ्याकडे द्या आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. हात थिनर किंवा अॅसिटोनने धुवत असाल तर थांबवा, त्याने त्वचेचं तेल निघून रेझिन आणखी आत जातं. साबण आणि कोमट पाणी पुरतं. टीमसाठी नायट्राइलचे हातमोजे, बरबटले की लगेच बदलायचे, आणि मनगट झाकणारी बाही. घासकाम रेझिन पूर्ण कडक झाल्यावरच, ओल्या पॉलिश पेपरने.

पॉलिएस्टर रेझिन वापरत असाल तर एक गोष्ट जिवाची आहे. त्याचं कोबाल्ट (रेझिन लवकर आवळायला घालतात ते द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतायचं नाही, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. बाटल्या वेगळ्या कपाटांत, मोठ्या अक्षरांत नावं टाकून ठेवा. दोन सारख्या बाटल्या आणि पेंगलेला माणूस एकत्र येऊ देऊ नका. हार्डनर डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि तसेच रुग्णालयात जा.

मित्राने बहुतेक जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप वेल्ड केला असेल. जस्ताच्या धुरामुळे काही तासांनी फ्लूसारखा ताप, थंडी, तोंडाला धातूची चव येते आणि एक-दोन दिवसांत उतरते. दम लागत असेल तर वाट न पाहता डॉक्टर गाठा. दूध प्यायलं, गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, ही समजूत खोटी आहे. जस्ताचा थर जॉइंटच्या दोन्ही बाजूंनी काढून घ्या, वारं खेळतं ठेवा. फिक्श्चरसाठीसुद्धा साधा काळा पाइप घेणं उत्तम. डोळ्यांचंही असंच उशिरा कळतं : काचेविना वेल्डिंगचा आर्क (प्रखर ठिणगी) पाहिला की सहा ते बारा तासांनी वाळू गेल्यासारखे डोळे खुपतात. बटाट्याची चकती नको, बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून घालणं तर नकोच. थंड पट्टी आणि डोळ्यांचे डॉक्टर.

प्रश्न : स्पर्धा संपून तीन आठवडे झाले. एन्ड्युरन्समध्ये (लांब पल्ल्याच्या शर्यतीत) गाडी बंद पडली. आता वर्कशॉपकडे पाय वळत नाही, लेक्चरला बसवत नाही, रात्री दोनपर्यंत झोपही येत नाही. – चौथ्या वर्षाचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : चार महिने दिवसाचा प्रत्येक तास ठरलेला होता, तीस जण भोवती होते, आणि ते सगळं एका दिवसात थांबलं. त्यात गाडी बंद पडण्याचं दुःख. इतकं रिकामं वाटणं यात तुमची काही चूक नाही.

झोपेचं घड्याळ आधी सरळ करा. झोपायची वेळ जबरदस्तीने ओढू नका, उठायची बांधा : सातला उठायचं, दोनला झोप लागली तरी सातलाच. उठल्यावर अर्धा तास उन्हात चाला, दुपारी वीस मिनिटांपेक्षा जास्त झोप नको. आठ-दहा दिवसांत रात्रीची झोप अलीकडे सरकते. हजेरीसाठी विभागप्रमुखांना स्पर्धेच्या तारखांच्या पत्रासह याच आठवड्यात भेटा. डेफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी) लागल्यावर तेच पत्र कमी कामाला येतं.

गाडी का थांबली हे टीमसोबत एकदाच, दिवसाउजेडी, दोन तास बसून लिहा. कुठला पार्ट, कितव्या लॅपला, आधी काय लक्षण होतं. त्यात कुणाचं नाव नको, तुमचंही नको. तो कागद ज्युनिअरांकडे द्या.

मात्र तीन आठवडे झाले आहेत, म्हणून हे पुढे ढकलू नका : दिवसातला बराच वेळ उदास जात असेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर आजच १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. फोन करताना शेजारी टीममधला एखादा मित्र बसलेला असला तर बरं. त्यालाही कदाचित बोलायचं असेल.