अथेन्सची देवळं पहिल्यांदा बघायला निघालात?

अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा, तेही सकाळच्या पहिल्या वेळेचं. देवळांच्या या टेकडीवर सावली जवळजवळ नाहीच, आणि उन्हाळा फार कडक झाला तर भर दुपारी प्रवेश बंदही करतात. बुटांचा तळ खरखरीत हवा. माणसांच्या पावलांनी तिथला संगमरवर असा गुळगुळीत झालाय की पाऊस नसतानाही पाय घसरतो.

तिथलं अथेना देवीचं मोठं देऊळ, पार्थेनॉन, बाहेरूनच बघायचं. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने आत साठवलेली तोफांची दारू उडाली, म्हणून मधलं सगळं उघडं पडलंय. फोटो काढून लगेच वळू नका. वरच्या पायरीच्या एका टोकाशी वाकून दुसऱ्या टोकाकडे बघा: सरळ वाटणारी ती रेघ मधोमध हलकेच उचललेली दिसेल. खांबही किंचित फुगीर आहेत. मला हे दुसऱ्या खेपेला कळलं!

मग खाली अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, उतरा. तिथलं हेफेस्टस या लोहारकामाच्या देवाचं देऊळ पुढे चर्च झालं, म्हणून बरंच शाबूत राहिलं. गर्दीही कमी. माझं मत विचाराल तर पूर्ण देऊळ कसं दिसायचं ते इथेच कळतं.

एक संध्याकाळ सत्तरेक किलोमीटरवरच्या सूनियोला द्या. समुद्रावरच्या कड्यावर पोसायडन या समुद्रदेवाचं देऊळ आहे. तिथल्या खांबावर इंग्रज कवी बायरनचं नाव कोरलेलं आहे. गडांवर नावं कोरणारे आपलेच नाहीत तर! परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.