बीटल्स या ब्रिटिश बँडची गाणी त्यातल्याच लेनन-मॅकार्टनींची, वाजवणारेही बँडवालेच. मग जॉर्ज मार्टिन यांना 'पाचवा बीटल' का म्हणतात?

'पाचवा बीटल' हे बिरुद मलाही जरा जास्तच वाटतं. चाली त्यांच्या नव्हत्या. पण त्यांना नुसता निर्माता समजू नका, संगीत संयोजक म्हणून बघा, म्हणजे गाण्यात कोणतं वाद्य कुठे काय वाजवेल ते ठरवणारा.

लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिकलेले, ओबो हे फुंकवाद्य वाजवणारे मार्टिन १९५०मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीत लागले आणि १९५५मध्ये तिच्याच पार्लोफोन लेबलचे प्रमुख झाले. तिथे त्यांनी पीटर सेलर्ससारख्या विनोदवीरांच्या रेकॉर्डी काढल्या. टेपची कापाकापी, तिच्या वेगाशी खेळणं, हे सगळं तिथे मुरलं. 'इन माय लाइफ'मधला पियानो त्यांनी टेप निम्म्या वेगावर ठेवून वाजवला. मूळ वेगात तो थेट हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या वाद्यासारखा ऐकू येतो.

बीटल्सना नोटेशन, म्हणजे स्वर कागदावर लिहिणं, येत नव्हतं. डोक्यातलं वाद्यवृंदापर्यंत पोहोचवायचं काम मार्टिन यांचं. १९६५मध्ये 'येस्टर्डे'ला तंतुवाद्यं लावायची म्हटल्यावर मॅकार्टनी बिचकले होते, गाणं गुळगुळीत होईल म्हणून. मार्टिन यांनी चारच वादक घेतले. पुढच्या वर्षी 'एलिनॉर रिग्बी'त चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. एकाही बीटलचं वाद्य नाही! आणि ती व्हायोलिनं गोडवा आणत नाहीत, चक्क टोचतात.

मला स्वतःला त्यांचं सगळ्यात अवघड काम वाटतं ते बीटल्सपैकीच जॉर्ज हॅरिसनच्या 'विदिन यू विदाउट यू'चं (१९६७). दिलरुबा या गजाने वाजवायच्या भारतीय वाद्यावरची मींड लंडनच्या व्हायोलिनवादकांकडून काढून घ्यायची होती. पाश्चात्य नोटेशनमध्ये सुटे सुटे स्वर नीट मांडता येतात, पण एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणं कागदावर कसं उतरवणार? ते गाणं हेडफोन लावून ऐका, व्हायोलिनं दिलरुब्याच्या मागोमाग कशी सरकतात ते कळेल.

कमाईचं म्हणाल तर ईएमआयमध्ये ते पगारी नोकर होते, रेकॉर्डींच्या विक्रीत वाटा नव्हता. १९६५मध्ये बाहेर पडून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एआयआर ही स्वतःची कंपनी काढली. 

त्यांच्यावाचून अडायचंच असंही नाही. 'शीज लीव्हिंग होम'च्या वेळी मार्टिन दुसऱ्या कामात होते. मॅकार्टनींना दम धरवेना, त्यांनी माइक लिअँडर या दुसऱ्या संयोजकाकडून संयोजन करून घेतलं. मार्टिन दुखावले, तरी त्या वादकांसमोर उभं राहून दुसऱ्याचं लिखाण त्यांनीच वाजवून घेतलं.