‘संघटने’त ‘संघ’ नाही

एका वाचकाने विचारलं आहे: पुस्तकं वाचणाऱ्या आमच्या वीसएक जणांच्या गटाची नोंदणी करायची आहे, नावात संस्था, संघटना, संघ, मंडळ यांपैकी काय घालावं, की सगळे एकच? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना त्यांनी दर वेळी ‘संघठना’ लिहिलंय, त्यामुळे आधी तेवढं उरकू.

‘संघठना’ असा शब्द मराठीत नाही. घटक, घटना, विघटन, संघटित यांपैकी कशातही कुणी ठ घालत नाही. मग एकट्या ‘संघटने’नेच काय घोडं मारलंय? हा ठ हिंदीतल्या ‘संगठन’मधला. तिकडे तो ग बरोबर घेऊन येतो आणि शोभतो. आपण घ घरचा ठेवला आणि ठ तेवढा शेजाऱ्याकडून आणला. ‘समिती गठित करण्यात येत आहे’ हे सरकारी वाक्यही त्याच वाटेनं आलं. मराठीत समिती नेमतात.

घोळाचं मूळ असं की ‘संघटना’ म्हणजे ‘संघ’ अधिक काहीतरी, ही समजूत. ‘संघाची घटना ती संघटना’ अशी फोड छातीठोकपणे सांगणारे विद्वानही भेटतात. मग दोनांतला एक घ गेला कुठे, हे त्यांना विचारावं. सम् अधिक घटना, संपलं. धातू घट्, म्हणजे जुळणं. आपलं ‘घडणं’ त्यातलंच. ‘संघ’ मात्र सम् अधिक हन्. होय, घात आणि आघातातला तोच हन्! एकत्र ठोकून घट्ट झालेला तो संघ. ‘घन’ही याच धातूचा. नियमानं खरं तर ‘संघात’ व्हायला हवं, आणि तोही शब्द आहेच. पण गण या अर्थी ‘संघ’ असं रूप संस्कृत व्याकरणकार पाणिनीनं मुद्दाम वेगळं सांगून ठेवलंय. म्हणजे शेजारी शेजारी बसणाऱ्या या दोन शब्दांचा आपसांत काही नातेसंबंध नाही.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. आपण सगळ्याच जमावांना सरसकट ‘संघटना’ म्हणून मोकळे होतो, पण अमरकोशात, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या शब्दकोशात, समूहांचे प्रकार किती बारकाईनं लावलेत पाहा. सारख्यांचा वर्ग, सजातीयांचं कुल, तिर्यक् प्राण्यांचं, म्हणजे पशुपक्ष्यांचं, यूथ, आणि मग हे: ‘पशूनां समजोऽन्येषां समाजः’. गुरांचा तो समज, इतरांचा तो समाज. दोन्हीकडे धातू अज्, म्हणजे हाकणं. फरक एका कान्याचा! हाकत आणलेले तर दोघेही, पण त्या कान्यावर माणूस गुरांपासून वेगळा झाला. (मराठीत ‘समज’ पुढे भलत्याच अर्थानं आला आणि समाजाच्या वाट्याला आला नाही, हा विनोद ज्याचा त्यानं करून घ्यावा. तो समज बुध् धातूचा आहे, हे ध्यानात ठेवून.)

आणि लगेच पुढे ‘निकाय’. समानधर्मी लोकांचा समूह. माझा अत्यंत आवडता शब्द. पाणिनी म्हणतो, संघ या अर्थी निकाय होतो, पण ‘अनौत्तराधर्ये’, म्हणजे जिथे वरचा-खालचा असा भाव नाही तिथेच. केवढी देखणी अट! पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका म्हणजे काशिका. काशिकाकार उदाहरणं देतात भिक्षुकनिकाय, ब्राह्मणनिकाय आणि वैयाकरणनिकाय. (व्याकरणवाल्यांत कुणी वरचा-खालचा नाही, हे वाचून मी अजून हसतो.) पण उलट उदाहरण काय, तर सूकरनिचय: एकमेकांच्या अंगावर पडलेली डुकरं! इथे माझं काशिकेशी जमत नाही. एवढी अट घालताना पाणिनीच्या डोळ्यांसमोर डुकरांचा ढीग असेल, हे पटायचं कसं? वर-खाली म्हणजे अंगावर अंग नव्हे, मानाचा क्रम. निकाय म्हणजे बरोबरीच्यांची मंडळी, असं माझं म्हणणं. टीकाकार माझ्या बाजूनं नाहीत. नसू देत.

माझा साक्षीदार नाशिकला आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले: २००० दरमहा शेकडा एक व्याजानं, १००० शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, भिक्षूंसाठी व्याज तेवढं वापरायचं. लेखातला शब्द आहे ‘कोलिकनिकाय’, कोलिक म्हणजे विणकर. पैसे कुणा श्रेष्ठीच्या नावानं ठेवलेले नाहीत, निकायाकडे ठेवलेत. माणसं मरतील, निकाय व्याज देत राहील, हा हिशेब त्यात आहे. असा शब्द आपल्याच डोंगरात कोरलेला असून आज तो हिंदी वर्तमानपत्रांत ‘निकाय चुनाव’ म्हणून नांदतो, आणि आपल्याकडे कायद्याच्या मराठीत ‘निगम निकाय’ (बॉडी कॉर्पोरेट) अशा जोड्यांत तेवढा उरलाय.

बरं, प्रश्न. ‘संस्था’ माणसं बदलली तरी उभी राहते. तिला निधी, नियम, जागा असतात. (संस्कृतात ‘संस्थित’ म्हणजे मेलेला असाही अर्थ आहे, काही संस्थांकडे पाहून तो पटतो.) ‘संघटना’ हितासाठी वा मागणीसाठी: कामगारांची, विद्यार्थ्यांची. ‘संघ’ खेळाडूंचा, किंवा सुट्या घटकांनी एकत्र येऊन केलेला. दूध संघ तसा. ‘समिती’ कामापुरती, निदान कागदावर. ‘मंडळ’ कशालाही चालतं: परीक्षा घेणारंही मंडळ, भजन करणारंही मंडळच. ‘परिषद’ भोवती बसणाऱ्यांची, म्हणून वीस जणांना ती झेपत नाही. नाव कुठलंही घ्या, १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलंत की कायद्याच्या लेखी तुम्ही संस्थाच. तुमचा गट वाचणाऱ्यांचा आहे, मागण्या करणाऱ्यांचा नाही. तेव्हा ‘मंडळ’ घ्या. ‘निकाय’ घेतलंत तर मला कळवा.

‘कंपू’ तुम्ही विचारलेला नाही, पण राहवत नाही. शिंद्यांच्या कवायती पलटणींचे कंपू होते, म्हणजे शब्द चांगला शिस्तीचा, लष्करी छावणीतला. आज चार जण एकमेकांचीच तळी उचलू लागले की त्यांना कंपू म्हणतात, आणि त्याची नोंदणी कुठेच करावी लागत नाही.