पॉवर वाढवून सिग्नल सुधारत नाही: वाचकांची प्रश्नोत्तरे

नाशिक परिसरातून येणाऱ्या प्रश्नांत ‘जोर वाढवला की सिग्नल सुधारतो’ हा एकच गैरसमज वारंवार दिसतो, म्हणून हे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

राउटरला कोणता चॅनेल द्यावा? (इंदिरानगर)

२.४ गीगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११. मधला कोणताही नको.

सोसायटीत सगळ्यांचेच वायफाय रखडते. केबलवाला म्हणतो, पॉवर ‘हाय’ करा. करू का? (गंगापूर रोड)

अजिबात नको. वायफायचे प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते, चॅनेल मोकळा दिसला तरच बोलते. तुमची पॉवर वाढली की आणखी चार घरांतली यंत्रे तुमच्यासाठी खोळंबतात. शेजारीही पॉवर वाढवतात, आणि मग सगळेच एकमेकांसाठी ताटकळतात. शिवाय राउटर कितीही ओरडला, तरी तुमच्या फोनचा आवाज तेवढाच राहतो.

एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही, अशा स्थितीचे, म्हणजे समतोलाचे, गणित गणितज्ञ जॉन नॅश यांनी १९५० मध्ये मांडले. त्या समतोलात सगळ्यांचे भले होतेच असे नाही, हे केबलवाल्याला कोण सांगणार? मोबाइल यंत्रणा आखणाऱ्यांनी मात्र हे मनावर घेतले. थ्रीजीत टॉवर फोनला सेकंदाला १५०० वेळा पॉवर कमी-जास्त करायला सांगतो. सरायदार, मंडयम आणि गुडमन या संशोधकांनी २००२ मध्ये गणिताने दाखवले, की पॉवर वापरण्यावर ‘किंमत’ लावली (जेवढी पॉवर जास्त, तेवढा भुर्दंड जास्त) तर प्रत्येक फोन आपला स्वार्थ पाहूनही पॉवर उतरवतो आणि त्यात सगळ्यांचाच फायदा होतो. सोसायटीत अशी किंमत लावणारे कुणी नाही. म्हणून सभेत विषय घ्या, जमेल तेवढी यंत्रे ५ गीगाहर्ट्झवर न्या, चॅनेल वाटून घ्या. त्याआधी जाणकाराकडून इमारतीची पाहणी करून घ्या.

दुकानात मोबाइल बूस्टर (सिग्नल वाढवणारे यंत्र) मिळतो. घ्यावा का? (सातपूर)

नाही. परवानगीशिवाय तो बसवणे बेकायदा आहे आणि त्याचा गोंगाट थेट टॉवरला त्रास देतो. विकणारा हे सांगत नाही. मोबाइल कंपनीकडे लेखी तक्रार करा, आजच.

द्राक्षबागेतले ओलाव्याचे लोरा (लांब पल्ल्याचा, कमी बॅटरीचा रेडिओ) सेन्सर विक्रेत्याने एसएफ १२ या सर्वात सावकाश सेटिंगवर लावले, ‘लांब पोचते’ म्हणून. ठीक आहे का? (दिंडोरी)

गेटवे, म्हणजे सेन्सरचे संदेश गोळा करणारे यंत्र, जवळ असेल तर चूक आहे. एसएफ ७ या वेगवान सेटिंगपेक्षा तोच संदेश वीसपटींहून जास्त वेळ हवेत राहतो, बॅटरी खातो आणि शेजारच्या बागेच्या संदेशांवर आदळतो. शिवारातल्या प्रत्येकाने असेच केले तर ऐन पाण्याच्या पाळीला कुणाचेच आकडे येणार नाहीत. सिग्नल पाहून वेग आपोआप ठरवणारी ‘अ‍ॅडाप्टिव्ह डेटा रेट’ ही सोय चालू करायला सांगा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर दुसऱ्या तंत्रज्ञाला बागेत बोलवा, पण सेटिंग स्वतः बदलू नका.