वीस महिन्यांच्या लेकाला मॉन्टेसरीत घालू का?

"ताई, माझा मुलगा वीस महिन्यांचा आहे. आम्ही ठाण्यात राहतो, दोघंही जॉब करतो, दिवसभर सासूबाई त्याला बघतात. सोसायटीतल्या बऱ्याच जणींनी मुलांना मॉन्टेसरी टॉडलर ग्रुपला घातलंय, फी वर्षाला लाखाच्या वर. मी ऑनलाइन बघून लाकडी गुलाबी टॉवर, बटणांची फ्रेम, बुटकं शेल्फ सगळं आणलं, पण हा त्याला हात लावत नाही. दिवसभर आजीच्या मागे किचनमध्ये, डबे उपसतो, या वाटीतलं पाणी त्या वाटीत आणि मग फरशीवर. सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोराला कसली शाळा. मला मात्र वाटतं त्याची महत्त्वाची वर्षं वाया चाललीयेत. सोमवारपर्यंत फी भरायचीय. काय करू?" – गोंधळलेली आई

अगं, काहीही वाया जात नाहीये, तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच की तो डबे उपसतो आणि पाणी ओततो. तू ज्यासाठी लाखभर भरायला निघालीयेस ते काम तो रोज करतोय गं.

तो गुलाबी टॉवर म्हणजे दहा ठोकळे, एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत. तो साधारण अडीच-तीन वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी असतो, वीस महिन्यांच्या पोराने त्याकडे पाठ फिरवली तर त्यात त्याचं काही चुकलेलं नाही, ठेव गुंडाळून वर. दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी मॉन्टेसरी म्हणजे मुख्यतः चालणं, उचलून नेणं, ओतणं, पुसणं, सोलणं, स्वतःचे कपडे ओढून काढणं आणि आजूबाजूला भरपूर खरं बोलणं. आणि परत परत तेच करणं. ही पद्धत काढणाऱ्या मारिया मॉन्टेसरींनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत लहान मुलांची आपली पहिली शाळा काढली, तिथे तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे भोकांतून काढून पुन्हा त्याच भोकांत बसवत होती, चाळीसहून जास्त वेळा, आजूबाजूला मुलं गाणी म्हणतायत तरी तिचं लक्ष हललं नाही. मॉन्टेसरी डॉक्टर होत्या, त्यांनी तिला थांबवलं नाही, मोजत बसल्या. तुझा लेक वाट्यांशी करतोय ते याच जातीचं आहे, आपण मात्र "अरे सांडलंस!" म्हणून वाटी काढून घेतो.

आता घरात काय करायचं ते सांगते. किचनमधला सगळ्यात खालचा एक ड्रॉवर त्याचा, त्यात दोन-तीन स्टीलच्या वाट्या, झाकणाचे डबे, एक लहान लाटणं, आणि त्या वस्तू रोज त्याच जागी ठेवायच्या कारण या वयात मुलांना जागा बदललेली अजिबात चालत नाही, कप दुसरीकडे दिसला की भोकाड पसरतात ते हट्टीपणाने नाही. स्टीलच्या छोट्या ग्लासात दोन घोट पाणी त्याच्या हातात दे आणि शेजारी एक फडका. सांडलं की ओरडायचं नाही, फडका दाखवायचा, तो पुसेल, अर्धवट पुसेल, चालतं. मेथी निवडायला बसव, केळं अर्धं सोलून दे, कणकेचा गोळा दे, धुतलेले रुमाल आणि मोजे वेगळे करायला दे, तुळशीला पाणी घालू दे. दाराशी त्याच्या उंचीवर एक हुक लाव टोपी-पिशवीसाठी. शेंगदाणे, चणे, मटारचे दाणे, नाणी हे मात्र या वयात हाताशी नको, घशात अडकतात, आणि पाण्याच्या बादलीजवळ तो एकटा एक मिनिटसुद्धा नको. गॅसपासून लांब.

आणि तो कशात रमलेला असेल तेव्हा "वा वा" पण करू नकोस, फोन काढून फोटो पण नको. नुसतं बघ. हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात मोलाचं पण.

हे फक्त पैसेवाल्यांचं शिक्षण आहे असं तर मुळीच समजू नकोस. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गुजरातेत भावनगरला शिक्षक गिजुभाई बधेकांसोबत याच पद्धतीवर काम केलं, मग 1945 मध्ये आपल्याच भागात, बोर्डीला, गावातल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. महाग साधनं नव्हती तर दगड, शिंपले, बिया, पानं वापरली, आणि मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आजच्या अंगणवाडीमागे हीच कल्पना आहे. म्हणजे सासूबाईंचं किचन अजिबात कमी नाही.

सासूबाईंना "मॉन्टेसरीत असं करतात" हे वाक्य चुकूनही बोलू नकोस. त्यांना सांग, आई तुमच्यामागे तो किती रमतो, त्याला थोडं काम द्याल का. आणि एक गोष्ट खरंच विचार, त्या दमतात का? दिवसभर वीस महिन्यांच्या पोरामागे धावणं म्हणजे काय ते मला माहितीये, पुष्कळ बायका हे बोलून दाखवत नाहीत. त्या दमत असतील तर दोन-तीन तास मदतीला बाई ठेव, नाहीतर अर्धा दिवस शाळा घे, पण मग आजीला विश्रांती हवी म्हणून घे, तो मागे पडेल या भीतीने नको.

शाळा बघायला गेलीस तर अर्धा तास कोपऱ्यात बसू देता का विचार. नाही म्हणाले तर तिथूनच परत ये. मॉन्टेसरी हे नाव कुणीही बोर्डावर लावू शकतं, त्यावर कुणाची मालकी नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीचं ट्रेनिंग वेगळं असतं, ते तिथल्या टीचरने घेतलंय का, वर्षभर त्याच टीचर राहतात का, मूल रडलं तर कोण उचलून घेतं, हे विचार. दोन वर्षांच्या मुलांना ओळीत बसवून ए-बी-सी-डीची वर्कशीट देत असतील तर शेल्फ कितीही सुंदर असो, नको.

माझं मत विचारशील तर सोमवारी फी भरू नकोस. तो अडीच-तीनचा होईपर्यंत थांब, पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, घाई कुठेच नाहीये. रविवारी दुपारी तू स्वतः त्याच्याबरोबर जमिनीवर बस, मेथीची जुडी घेऊन, आणि सासूबाईंना जरा झोपू दे.